विहिरीवरचे इंजिन ते मालाची पिकअप : डिझेल घ्यावे, पेट्रोल की सीएनजी?



द्राक्षाच्या पेट्या उतरल्या, हळदीचे पैसे हातात आले की आपल्या भागात गाडीचा विषय निघतो. दोघे भाऊ मिळून, नाही तर चार शेजारी मिळून एखादी पिकअप घ्यायची, हुंडेकऱ्याचे भाडे वाचवायचे आणि माल आपण स्वतः बाजाराला न्यायचा, असा बेत असतो. मग प्रश्न येतो, इंजिन कोणते घ्यावे? आणि विचारणाऱ्याच्या मनात उत्तर बहुधा आधीच ठरलेले असते. "माल ओढायचा म्हंजे डिझेलच की, सायेब. त्यात काय इचारायचं?"

हे उत्तर कुठून आले, याचा इतिहास या पत्रकात सांगायचा आहे. जुन्या काळी हे उत्तर अगदी बरोबर होते. का बरोबर होते ते समजले, की आज आपल्यापुरते ते बरोबर आहे की नाही, हे ज्याचे त्याला ठरवता येईल. गाडीचा हप्ता पाच-सात वर्षे फेडायचा असतो. तेव्हा ऐकीव गोष्टीवर भरवसा ठेवून चालत नाही.

आधी विहिरीवर जाऊ

डिझेलची आणि आपली ओळख रस्त्यावर झाली नाही, ती विहिरीवर झाली. मोटेचे दिवस आठवणारी माणसे गावोगाव अजून आहेत. पहाटे बैल धावेवर लावायचे, नाड्यावर बसून मोट ओढायची, थारोळ्यात पाणी पडले की पाटाला लावायचे आणि बैल मागे सारायचे. दिवसभर बैल आणि गडी राबले तरी भिजणार किती, तर थोडेसेच रान. उन्हाळ्यात पाणी खाली गेले की नाडा लांबायचा आणि भिजणे आणखी कमी व्हायचे.

ही मोट सोडवणारे कारखाने आपल्याच भागात उभे राहिले. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानात कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना जागा दिली. आज ते ठिकाण सांगली जिल्ह्यात पलूस तालुक्यात येते. लोखंडी नांगरापासून सुरुवात झाली, पुढे चरक आणि पाण्याचे पंप निघाले. इकडे सातारा शहरात धनजीशा कूपर यांनी १९२२ साली कारखाना काढला. १९३० नंतरच्या दशकात या कारखान्यात डिझेल इंजिन तयार झाले. हिंदुस्थानात बनलेल्या अगदी पहिल्या डिझेल इंजिनांत त्याची गणना होते. हे कूपर पुढे १९३७ साली काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधानही होते. त्या काळी प्रांताच्या मुख्यमंत्र्याला पंतप्रधान म्हणत. १९४६ साली पुण्याला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली आणि मग इंजिन खेडोपाडी पोहोचले.

म्हणजे सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे ऑइल इंजिनाचे माहेरच म्हणायचे. आपल्या लोकांनी त्याला नावही आपले दिले, "इंजान". पाच घोड्यांचे एका सिलिंडरचे ते धूड, मिनिटाला सहा-साडेसहाशे फेरे घेणारे. दोन जड चाके, वर पाण्याची टाकी. वरचा लिव्हर उचलून धरायचा, हँडल मारून चाक गरगरवायचे, वेग आला की लिव्हर सोडायचा. पुक पुक पुक असा आवाज मैलभर ऐकू जायचा, आणि कोणाच्या विहिरीवर पाणी चालू आहे ते गावाला घरबसल्या कळायचे. तेच इंजिन गुऱ्हाळाचा चरक फिरवी, तेच पिठाची गिरणी चालवी.

पेट्रोलचे इंजिन तेव्हा नव्हते असे नाही. मग विहिरीवर डिझेलच का बसले? त्यासाठी दोन्ही इंजिने कशी चालतात ते पाहावे लागेल.

जर्मनीत निकोलाउस ऑटो यांनी १८७६ साली चार टप्प्यांचे इंजिन चालवून दाखवले. पेट्रोलचे इंजिन त्याच रीतीने चालते. हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण आत घ्यायचे, दाबायचे आणि प्लगच्या ठिणगीने पेटवायचे. जर्मनीतच रुडॉल्फ डिझेल यांनी ठिणगीच काढून टाकली. नुसती हवा इतकी दाबायची की ती दाबानेच तापावी. त्या तापल्या हवेत तेलाचा बारीक फवारा सोडला की तो आपोआप पेट घेतो. त्यांचे इंजिन १८९७ साली आउग्सबुर्ग शहरात यशस्वी झाले. सायकलच्या पंपाने हवा भरताना पंपाचे बूड हाताला चटका देते ना, तीच गोष्ट फार मोठ्या प्रमाणावर. पेट्रोलचे इंजिन मिश्रण साधारण आठ ते अकरा पट दाबते. डिझेलचे इंजिन हवा सोळा ते बावीस पट दाबते. जास्त दाब म्हणजे त्याच तेलातून जास्त काम. पण इतका दाब सोसायचा तर सगळे भाग जाड हवेत, म्हणून डिझेलचे इंजिन वजनाला भारी आणि किमतीलाही भारी.

जाता जाता एक गोष्ट सांगतो, ती आपल्या लोकांना आवडेल. १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात एक लहान डिझेल इंजिन चक्क भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवले होते. पुढे खनिज तेल स्वस्त मिळू लागले आणि भुईमुगाचे तेल कढईतच राहिले, हे बरेच झाले.

तर विहिरीवर डिझेल बसले त्याची कारणे साधी होती. प्लग नाही, कार्बुरेटर नाही. ओलीत, चिखलात, पावसात बिघडेल असे विजेचे काही नाही. तेल स्वस्त आणि पेट्रोलसारखे भपकन पेट घेणारे नव्हे. मंद फिरणारे इंजिन झिजतेही सावकाश. आणि सर्वांत मोठे कारण म्हणजे मिस्त्री. तालुक्याच्या बाजारपेठेत नोझल साफ करणारा, तेलाचा पंप लावून देणारा, पिस्टनच्या रिंगा बदलणारा कारागीर तयार झाला. १९६२ साली कोयनेची वीज सुरू झाली, पुढे गावोगाव खांब आले, विहिरीवर मोटारी बसल्या आणि इंजान गोठ्याच्या कोपऱ्यात गेले. मिस्त्री मात्र राहिला. त्याच्या हाताला डिझेल माहीत होते. पुढे रस्त्यावरच्या गाड्यांत डिझेल रुजले, त्यात या मिस्त्र्याचा वाटा फार मोठा आहे, असे माझे मत आहे.

रस्त्यावर आधी पेट्रोलच होते

दुसऱ्या महायुद्धापूर्वी आपल्या रस्त्यांवर धावणाऱ्या फोर्ड, शेवरलेट कंपन्यांच्या मोटारी आणि लॉऱ्या पेट्रोलवरच्या होत्या. युद्धात १९४१ पासून पेट्रोलचे रेशनिंग झाले. मग गाडीच्या मागे शेगडीसारखे यंत्र बसवून कोळशाच्या गॅसवर गाड्या चालवल्या. सकाळी शेगडी पेटवून वाट बघायची, वाटेत कोळसा घालायचा, राख काढायची. तेच इंजिन या गॅसवर जवळजवळ निम्मी ताकद गमावून बसे. घाट आला की उतारूंनी खाली उतरायचे, असे जुनी माणसे सांगतात. अडचण आली की माणूस काय मिळेल त्यावर गाडी चालवतो, हे तेव्हाही दिसले आणि पुढेही दिसले.

युद्ध संपले. १९४७ साली महिंद्रांनी मुंबईत विलिस जीप जोडायला सुरुवात केली. चार सिलिंडर, पेट्रोल, ६० घोड्यांची ताकद. ही जीप विकास गटाच्या कचेरीत आली, साखर कारखान्यात आली आणि काही वर्षांनी लिलावात निघून बागायतदाराच्या वाड्यापुढेही उभी राहिली. मागे लहान ट्रेलर जोडून लोक त्यातून खते, बियाणे, भाजीपाला नेऊ लागले. रिकामी जीप घोड्यासारखी पळे. पण ट्रेलरला माल भरून खंबाटकी चढायची म्हटली की पहिला गिअर आणि टाकीकडे नजर.

त्याचे कारण समजून घ्या. पेट्रोलच्या इंजिनाची ताकद फेरे वाढले की वाढते. डिझेलचे इंजिन कमी फेऱ्यांवरच ओढ धरते. नांगराचा बैल आणि टांग्याचा घोडा यांत जो फरक, तोच हा. चढावर माल ओढायला ओढ लागते, वेग नव्हे. १९५८ साली फिरोदियांनी बजाज टेम्पो कंपनी काढली आणि जर्मनीच्या टेम्पो कंपनीची तीनचाकी इथे बनवली. त्या कंपनीचे नाव आपल्या भाषेत इतके मुरले, की आज कोणत्याही लहान मालगाडीला आपण टेम्पोच म्हणतो. १९६९ च्या सुमारास तिची मॅटाडोर आली, डिझेलवरची. हलकी मालगाडी डिझेलवर चालू शकते, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले.

आणि मग आले १९७३ साल. ऑक्टोबरात अरब-इस्रायल युद्ध पेटले, आणि काही महिन्यांत जगात कच्च्या तेलाचा भाव पिंपामागे सुमारे ३ डॉलरवरून १२ डॉलरच्या जवळ गेला. त्याची झळ वाई-विट्याच्या पंपापर्यंत आली. सरकारपुढे प्रश्न होता तो एसटी, मालट्रक आणि शेतीच्या पंपांचा. ही सगळी डिझेलवर चालणारी. म्हणून डिझेलचा भाव धरून ठेवला आणि बोजा पेट्रोलवर टाकला. पेट्रोल म्हणजे मोटारवाल्या श्रीमंताचे, डिझेल म्हणजे कष्टकऱ्याचे, असा तो हिशेब होता. ही सरकारी दरी पुढे चाळीस वर्षे राहिली. शेतकऱ्याने डिझेल निवडले त्यात इंजिनाच्या गुणाइतकाच या दरीचा हात होता. ही गोष्ट आपण विसरलो आहोत आणि नेमकी तीच लक्षात ठेवण्यासारखी आहे.

महाग पेट्रोलवर लोकांनी उपाय काढले. काही जण पेट्रोलच्या जीपमध्ये घासलेट मिसळत. पेट्रोलवर सुरू करायची, तापली की घासलेटावर सोडायची. तात्पुरते चाले, पण पिस्टनवर काजळी धरे, घासलेट खाली उतरून इंजिनाचे ऑइल पातळ करी आणि वर्षा-दोन वर्षांत इंजिन खोलावे लागे. शिवाय ते रेशनचे रॉकेल, म्हणजे गुन्हाही होता. दुसरा उपाय जास्त टिकला. जुन्या जीपमधले पेट्रोल इंजिन उतरवायचे आणि तिथे डिझेलचे बसवायचे. विहिरीवरच्या इंजिनावर हात बसलेल्या मिस्त्र्यांना हे काम अवघड गेले नाही. महिंद्रांनीही १९७० च्या दशकातच जीपमध्ये डिझेल इंजिन दिले आणि त्या दशकाच्या अखेरीस फ्रान्सच्या प्यूजो कंपनीशी इंजिनासाठी करार केला.

पुढचा इतिहास तुम्हा लोकांच्या डोळ्यांसमोरचा आहे, म्हणून भरभर सांगतो. १९८६ साली टाटांची ४०७ आली. जपानी कंपन्यांच्या भागीदारीतल्या चार हलक्या मालगाड्या त्याच सुमारास बाजारात उतरल्या होत्या, पण खेड्यात टिकली ती ४०७. १९८८ साली टाटामोबाइल ही पुढे केबिन, मागे हौदा अशी खरी पिकअप आली. ट्रॅक्स आणि कमांडरच्या वडापाने गावे जोडली, तीही डिझेलवर. वडापाचा ड्रायव्हर म्हणजे आपला सर्वांत मोठा सल्लागार. तो डिझेल म्हणाला की गाव डिझेल म्हणे. २००५ साली टाटांची छोटी एस आली, दोन सिलिंडरची, ७०२ सीसीची, तीही डिझेल. इतकी लहान गाडीसुद्धा डिझेलवर, मग दुसरे काही मनात येणार कसे?

हिशेब कुठे बदलला

तीन तारखा ध्यानात ठेवा.

जून २०१० मध्ये पेट्रोलच्या भावावरचे सरकारी नियंत्रण निघाले आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलच्या. मधल्या काळात, मे २०१२ मध्ये, दिल्लीत पेट्रोल ७३ रुपयांवर गेले होते आणि डिझेल ४१ रुपयांच्या आत होते. लिटरमागे ३२ रुपयांचे अंतर. २०१४ नंतर ते अंतर निम्म्याच्या आसपास आले आणि कधी त्याहूनही कमी झाले. वडिलांच्या वेळची दरी बुजत आली आहे.

तिसरी तारीख १ एप्रिल २०२०. त्या दिवसापासून देशभर बीएस ६ चे नियम लागू झाले. धुराड्यातून निघणारी काजळी आणि विषारी वायू यांवर कडक मर्यादा आल्या. पेट्रोलच्या गाडीला हे तुलनेने सोपे गेले. डिझेलच्या गाडीला मात्र काजळी अडवणारी जाळी आणि वायू निवळणारी यंत्रणा जोडावी लागली. त्याने गाडीची किंमत वाढली आणि लहान डिझेल इंजिने परवडेनाशी झाली. मारुतीने त्या दिवसापासून डिझेल बंदच केले. तिची सुपर कॅरी ही छोटी मालगाडी २०१६ मध्ये डिझेलवर निघाली होती, ती आता पेट्रोल आणि सीएनजीवर मिळते.

आता आकडेमोड करू. हे आकडे केवळ उदाहरणाचे आहेत, तुम्ही आपल्या पंपाचे भाव आणि आपल्या गाडीची सरासरी घाला. समजा डिझेल पिकअप लिटरला १४ किलोमीटर जाते आणि पेट्रोलची तशीच गाडी ११. मे २०१२ च्या भावाने डिझेलचा किलोमीटर सुमारे २ रुपये ९० पैशांना पडे आणि पेट्रोलचा ६ रुपये ६० पैशांना, म्हणजे दुपटीहून जास्त. आता डिझेल ९० आणि पेट्रोल १०४ धरले, तर डिझेलचा किलोमीटर सुमारे ६ रुपये ४० पैसे आणि पेट्रोलचा ९ रुपये ४० पैसे. म्हणजे दीडपट. फरक आहे, पण पूर्वीचा नाही.

किलोमीटरमागे ३ रुपये वाचतात म्हणू. डिझेलची गाडी समजा १ लाख २० हजारांनी महाग पडली. ते जादा पैसे वसूल व्हायला ४० हजार किलोमीटर चालावे लागेल. जो रोज ६० किलोमीटर, वर्षाला ३०० दिवस गाडी चालवतो, त्याचे १८ हजार किलोमीटर होतात आणि सव्वादोन वर्षांत पैसे सुटतात. त्याने डोळे झाकून डिझेल घ्यावे. जो हंगामापुरता, दिवसाला २० किलोमीटर, वर्षात २५० दिवस चालवतो, त्याचे होतात ५ हजार. त्याला आठ वर्षे लागतील, आणि कर्जाचे व्याज वेगळेच. म्हणून पहिला प्रश्न स्वतःला विचारावा तो हा की, माझी गाडी वर्षाला किती किलोमीटर चालणार? फार थोडे लोक हा आकडा काढतात. शोरूममध्ये तर तो कोणी विचारतच नाही.

काजळीची जाळी आणि दुधाची गाडी

माझ्या पाहण्यात एक दूध उत्पादक आहेत. वस्तीवरून डेअरीपर्यंत चार किलोमीटर, सकाळ-संध्याकाळ. सगळ्यांनी सांगितले म्हणून त्यांनी डिझेल पिकअप घेतली. वर्षाच्या आत गाडीने दम टाकला, पुढच्या पट्टीवर दिवा लागला. कारण सरळ आहे. धुराड्यातली जाळी काजळी साठवते आणि ती काजळी जाळून टाकायला इंजिन चांगले तापून बराच वेळ एका वेगाने चालावे लागते. चार किलोमीटरमध्ये इंजिन धड तापतही नाही. जाळी भरत राहते. गॅरेजमध्ये साफ करायचा खर्च आला आणि दूध वेळेवर पोहोचवायला दुसऱ्याची गाडी भाड्याने घ्यावी लागली. त्यांची गाडी वाईट नव्हती. त्यांच्या कामाला ती जुळत नव्हती, एवढेच.

अशी गाडी ज्यांच्याकडे आहे त्यांनी जाळीचा दिवा लागताच टाळाटाळ करू नये. गाडीबरोबरच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे मोठ्या रस्त्यावर वीस-पंचवीस मिनिटे एका वेगाने चालवावी. आठवड्यातून एकदा लांबची फेरी झाली तर उत्तम.

दुसरी सूचना युरियाबद्दल आहे, आणि ती नीट वाचा. बीएस ६ च्या काही डिझेल गाड्यांना डिझेलखेरीज वेगळ्या टाकीत युरियाचे द्रावण घालावे लागते. हे द्रावण अत्यंत शुद्ध पाण्यात ३२.५ टक्के शुद्ध युरिया असे बनवलेले असते. शेतीचा युरिया त्यात विरघळवून घालू नका. २०१५ पासून आपल्याला मिळणारा युरिया निंबोळी तेलाचे वेष्टण दिलेला असतो. तो गाडीत गेला की फवाऱ्याचे तोंड आणि पुढची महागडी यंत्रणा बुजते, आणि पोत्यामागे वाचलेले पैसे हजारोंच्या दुरुस्तीत जातात. अनुदानाचे खत शेतीबाहेर वापरणे हा गुन्हा आहे, हेही आहेच.

तिसरी गोष्ट साठवणुकीची. ट्रॅक्टरसाठी घरी डिझेलचे पिंप असते. विहिरीवरचे इंजान कसलेही तेल पचवत असे. नव्या गाडीचे नोझल अतिशय बारीक छिद्रांचे आणि प्रचंड दाबाचे असते. गंजक्या पिंपातले, पाणी धरलेले डिझेल पिकअपला घालू नये.

पेट्रोल, ऊस आणि सीएनजी

पेट्रोलच्या गाडीला आजकाल आपल्या शेताचाही थोडा वाटा आहे. कृष्णाकाठच्या उसाच्या रसापासून आणि मळीपासून साखर कारखाने इथेनॉल करतात आणि ते पेट्रोलमध्ये मिसळले जाते. २०२२ मध्ये देशात हे प्रमाण १० टक्क्यांवर पोहोचले आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांवर. इथेनॉलमध्ये लिटरमागे उष्णता पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी, त्यामुळे सरासरी थोडी घटते. नवी गाडी २० टक्के मिश्रणाला योग्य आहे ना, हे पाहूनच घ्यावी. जुनी पेट्रोल गाडी सेकंडहँड घेत असाल तर तिच्या रबरी नळ्या आणि वायसर तपासून, लागतील ते बदलून घ्यावेत. एकीकडे कारखान्याला ऊस घालणारा शेतकरी आणि दुसरीकडे घटलेल्या सरासरीवर कुरकुरणारा गाडीवाला, हे दोघे आपल्याकडे पुष्कळदा एकाच घरात राहतात!

सीएनजीचे इंजिन म्हणजे मुळात पेट्रोलचेच इंजिन. ठिणगीवर चालणारे, इंधन तेवढे वेगळे. खर्च कमी पडतो, धूर कमी. पण तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, तुमच्या रोजच्या वाटेवर पंप आहे का आणि तिथे रांग किती. महामार्गाच्या कडेच्या कराड-साताऱ्याची गोष्ट वेगळी आणि आटपाडी-जतच्या आतल्या वस्तीची वेगळी. गॅससाठी तीस किलोमीटर उलटे जाऊन परवडत नाही. दुसरी, जड टाक्या गाडीत असतात, म्हणून वाहून नेण्याचे वजन तेवढे कमी होते. कागदावर वजनक्षमता किती लिहिली आहे ते विचारावे. तिसरी, गॅसवर ताकद पेट्रोलपेक्षाही थोडी कमी लागते, ते चढावर जाणवते. टाकीची तपासणी दर तीन वर्षांनी करून घ्यावी लागते, ती चुकवू नये. आत सुमारे २०० पट दाबाचा गॅस असतो.

विजेवरच्या छोट्या मालगाड्याही आल्या आहेत. ठरावीक जवळची फेरी, रात्री घरी चार्जिंग, अशा कामाला त्या चालतील. लांबच्या बाजाराला अजून थांबावे, असे मला वाटते.

कोणत्या रानाला कोणते इंजिन

साताऱ्याचा पश्चिम भाग आणि सांगलीचा पूर्व भाग यांना एकच सल्ला देता येत नाही. वाई सुमारे ७०० मीटर उंचीवर आणि पाचगणी १,३०० मीटरच्या आसपास. पसरणीचा घाट थोड्या अंतरात एवढा चढ चढतो. भिलार, पाचगणीकडची स्ट्रॉबेरी खाली येते ती उतारावर, पण वर खत, क्रेट आणि प्लॅस्टिक कागद चढवायचे असतात. केळघर, कुंभार्ली या घाटांवर टन-दीड टन माल घेऊन नेहमी जाणाऱ्याने डिझेलच घ्यावे, तेही टर्बो असलेले. उंचीवर हवा विरळ होते आणि टर्बो ती कसर भरून काढतो. तासगाव, पलूस, मिरजेची द्राक्षे घेऊन पुण्याला किंवा वाशीला वारंवार जाणाऱ्याचेही तेच. वाटेत खंबाटकी आहे आणि वर्षाचे किलोमीटर भरपूर होतात.

कवठेमहांकाळच्या बेदाणा शेडवरून तासगाव-सांगलीच्या बाजाराला, कोरेगावचे आले साताऱ्याला, पुसेगावचा बटाटा जवळच्या बाजाराला, अशा सपाटीवरच्या, टनाच्या आतल्या, हंगामी फेऱ्यांना पेट्रोलची गाडी किंवा वाटेवर पंप असेल तर पेट्रोल-सीएनजी अशी दोन्हींवर चालणारी गाडी पाहायला हरकत नाही. गावातल्या लोकांनी नाक मुरडले तरी हिशेब करून पाहा.

चार जण मिळून गाडी घेणार असाल तर चौघांच्या फेऱ्यांची बेरीज करा. एकट्याला न परवडणारे डिझेल चौघांना परवडते. पण जवळच्या फेऱ्या कोणाच्या आणि लांबच्या कोणाच्या, हे वहीत लिहूनच ठरवा.

गाडी ठरवण्यापूर्वी एक दिवस तालुक्याच्या गॅरेजला द्यावा. पूर्वी मिस्त्री कानाने आवाज ऐकून बिघाड सांगत असे. बीएस ६ च्या गाडीला संगणक जोडून बिघाड वाचावा लागतो. तुम्ही जी गाडी घेणार, तिचे असे यंत्र आणि ते चालवणारा माणूस आपल्या तालुक्यात आहे का, सुटा भाग किती दिवसांत येतो, हे शोरूमबाहेरच्या दोन गाडीवाल्यांना विचारा. ऐन द्राक्षाच्या हंगामात गाडी आठ दिवस उभी राहिली, तर लिटरमागे वाचलेले रुपये त्या आठ दिवसांच्या भाड्यातच जातात. शक्य झाल्यास नेहमीइतका माल भरून, नेहमीच्या रस्त्यावर गाडी एकदा चालवून बघू द्या, असे विक्रेत्याला सांगा. रिकामी गाडी सगळ्यांचीच चांगली पळते.